मागे खाली

पंखा कुठलाही असो, त्याचा आवाज चढायला लागला की माझा हातातला घास थांबतो. पुण्यातल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, ऑफिसात, झेरॉक्सच्या दुकानात, कुठेही. मी मनात मोजायला लागते, आणि मोजता मोजता उजव्या हाताची मागची बाजू कशावर तरी टेकवून बघावीशी वाटते. तळवा नाही, मागची बाजू. रेल्वेतली जुनी माणसं चाकाजवळची पेटी तापली आहे का हे अशीच बघतात. तळहाताला कामाचे घट्टे असतात, त्याला उष्णता उशिरा कळते.

ही सवय मला एका उन्हाळ्याने लावली. तो उन्हाळा झाशीचा होता, आणि मे महिना लागला की तो दरवर्षी परत येतो, मी असेन तिथे.

झाशीचा उन्हाळा होळीनंतर येतो आणि ज्येष्ठात ठाण मांडून बसतो. त्यातल्या सगळ्यात कडक नऊ दिवसांना तिकडे नौतपा म्हणतात. त्या दिवसांत आई सकाळी सहाला बादल्या भरून ठेवायची, आणि त्यातलं पाणी गार व्हायची वाट बघत अंघोळी संध्याकाळपर्यंत खोळंबायच्या. दाराची कडी फडक्याने धरावी लागायची. अंथरूण असं तापायचं की आत्ताच कुणीतरी उठून गेलंय असं वाटावं. दुपारी लू सुटली की सगळी रेल्वे कॉलनी गप्प व्हायची. फक्त कूलरची घरघर, खसाच्या ओल्या ताट्यांचा वास, आणि यार्डातून येणारा डबे जोडल्याचा दणका. आई त्या वासाला वाळा म्हणायची आणि बाहेर खस. तिच्या नाकाला दोन भाषा होत्या.

आमच्या घरातच दोन मराठी होत्या. आजोबा भुसावळहून रेल्वेच्या बदलीवर आले आणि इथलेच झाले, म्हणून बाबांची मराठी खानदेशाकडची. आई इथली जुनी. तिचं माहेर मानिक चौकामागच्या गल्लीत. तिच्या पूर्वजांना पूजेअर्चेसाठी दक्षिणेतून कसं मानाने आणलं हे तिथे अजून पंगतीत सांगतात. ती कपाटाला फडताळ म्हणायची आणि भाजीवाल्याशी बुंदेली बोलायची, एका दमात. मी या सगळ्यांच्या मधे. शाळा हिंदीत, भांडण हिंदीत, ताप आला की मराठी.

आणि वाचन पत्रकांचं. बाबा युनियनच्या कामात होते. वाटून उरलेली पत्रकं गठ्ठ्यांनी आमच्या क्वार्टरमध्ये यायची. आई ती फडताळात अंथरायची, मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर गणितं सोडवायची. ‘साथियो’ हा शब्द मी ‘आई’च्या आधी लिहायला शिकले, असं आई अजून चिडून सांगते. त्यामुळे कुठलंही दुःख समोर आलं की माझ्या डोक्यात आधी त्याचा मथळा तयार व्हायचा, मग मागण्या, मग निषेध. प्रत्येक दुःखाला एक पत्ता असतो आणि तिथे जाऊन दार वाजवता येतं, यावर माझा पूर्ण विश्वास होता.

त्या वर्षी बाबांच्या दुःखाला पत्ता सापडेना.

बाबा ड्रायव्हर होते. गाडीतल्या लोकांना ज्याचं तोंड कधी दिसत नाही तो माणूस. त्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला, बराच पुढे गेलेला. कडेचं दिसणं आधी जातं. मधलं शेवटपर्यंत राहतं, नळीतून बघितल्यासारखं. त्यांना इंजिनावरून काढून स्टोअरच्या टेबलावर बसवलं. मी बारावीची परीक्षा देऊन रिकामी झाले होते. एका बैठकीत मी पत्रक लिहिलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं.

बाबांनी कागद खिडकीशी नेला, डोळ्यांसमोर डावी-उजवीकडे सरकवत वाचला. “भाषा चांगली आहे,” ते म्हणाले. “पण वसू, यात अन्याय कुठे आहे?”

“तुम्हाला खाली उतरवलं, बाबा.”

“कोणी?”

“डिपार्टमेंटनं.”

“मी उतरलो,” ते म्हणाले. मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी आईलाही माहीत नव्हती. इंजिनात दोघं असतात, ड्रायव्हर आणि त्याचा असिस्टंट. सिग्नल दिसला की ड्रायव्हर मोठ्याने बोलतो, “हरा”, आणि असिस्टंट त्याकडे हात करून म्हणतो, “हरा”. दोघांनी म्हटल्याशिवाय तो सिग्नल हिरवा होत नाही. आधी ड्रायव्हर, मग असिस्टंट, हा क्रम. एका सकाळी बबिना स्टेशनाच्या अलीकडे असिस्टंट आधी बोलला. “तो बोलला तेव्हा मला कळलं की तिथे सिग्नल आहे,” बाबा म्हणाले. “पोरगा चांगला, त्याला वाटलं माझा घसा बसलाय. मी गाडी झाशीला आणली, उतरलो आणि स्वतः अर्ज लिहिला. माझ्या मागे सतरा डबे माणसं होती.”

मी पत्रक परत घेतलं. त्याच्या पाठीवर गणितं सोडवायलाही आता काही उरलं नव्हतं.

कॉम्प्युटर आला तो चैत्रात. माझ्या पुढच्या शिक्षणाच्या नावाने, सुटे भाग जोडून केलेला. तो मानिक चौकातल्या लखनभैयांनी जोडला होता. गोल चेहऱ्याचे, तोंडात सुपारी, हातात सतत स्क्रू फिरवायचा पेचकस. बाबा त्या दिवशी डॉक्टरकडे होते, म्हणून ऑटो करून आणायला मी एकटी गेले. लखनभैयांनी खोकं ऑटोत चढवलं आणि ऑटो सुरू झाल्यावर मागून ओरडून सूचना दिली. घरी पोचल्यावर मी ती बाबांना मराठीत सांगितली, आणि बाबांनी आणलेल्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर सुंदर अक्षरात लिहूनही ठेवली. आम्ही ती पाळली. पुढचे दोन महिने काटेकोरपणे पाळली.

त्याच चैत्रात बाबांचा तो जुना असिस्टंट एक दिवस घरी आला आणि त्यांच्या हातात एक सीडी ठेवून गेला. “गुरुजी, घर बैठे चलाइए.” आगगाडी चालवायचा खेळ होता. कुठल्यातरी बर्फाच्या देशातली एक लाइन, एका टोकाच्या स्टेशनापासून दुसऱ्या टोकाच्या स्टेशनापर्यंत, बरोबर चाळीस मिनिटांची.

मला खेळांचा राग होता. माणसांना गुंगवून ठेवायची ती एक युक्ती आहे, असं मी एका पत्रकात वाचलं होतं, किंवा लिहिलं होतं, आता आठवत नाही. पण पहिल्या दुपारी मी दारातून बघितलं तेव्हा बाबा खुर्चीत ताठ बसले होते. अंगात बनियन, कपाळावर घाम, आणि पडद्यावर पांढरे डोंगर. डावा हात कीबोर्डवर असा ठेवलेला, जसा पितळेच्या हँडलवर ठेवतात. समोर एक सिग्नल आला. बाबा मोठ्याने म्हणाले, “हरा.”

आणि थांबले. उत्तराची वाट बघत थांबले.

खोलीत कोणी नव्हतं. मी आत गेले, पडद्याकडे हात केला आणि म्हणाले, “हरा.”

त्यांनी मान वळवली नाही. वळवून उपयोगही नव्हता, मी त्यांच्या कडेला होते. फक्त खुर्ची थोडी सरकवून शेजारी जागा केली.

विसाव्या मिनिटाला बोगदा लागायचा. लांबच लांब, काळा. बोगद्याच्या तोंडाशी उजेडाचा ठिपका दिसायचा, मोठा होत जायचा, आणि गाडी बाहेर पडून सगळी दरी एकदम समोर उघडणार, त्या क्षणी पंख्याचा आवाज चढायचा आणि कॉम्प्युटर बंद पडायचा. ना सूचना, ना अक्षर. पडदा काळा. त्या काळ्या काचेत आम्ही दोघं दिसायचो, बापलेक, हात पुढे केलेले.

टाइप करताना तो कधी बंद पडला नाही. माझी पत्रकं तासन्‌तास टाइप करू द्यायचा. फक्त खेळताना.

“कामगार आहे तो,” बाबा म्हणाले. “कामाला नाही म्हणत नाही.”

“किंवा माझ्या विचारांचा आहे,” मी म्हणाले.

“मग त्याचंही मन वळवावं लागेल.”

गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. सिविल लाइन्समधल्या डॉक्टरांनी नौतपा संपल्यावरची तारीख दिली होती. ऑपरेशनने गेलेलं परत येणार नव्हतं, आहे ते टिकवायचा प्रयत्न होता, आणि इतक्या पुढे गेलेल्या डोळ्यात आहे तेही जाऊ शकतं हे त्यांनी आईला बाहेर बोलावून सांगितलं होतं. आईने आत येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं. आमच्या घरात लपवायची पद्धत नव्हती. बाबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे माझ्याकडे किती दिवस?” मग खेळाकडे बोट दाखवून म्हणाले, “एकदा ही गाडी स्टेशनात लावायची आहे मला. शेवटची मी घाईत सोडली.”

एवढंच मागणं होतं. सनद नाही, निवेदन नाही. एक गाडी, एक स्टेशन.

ड्रायव्हर लोकांच्या पेटीत एक पुस्तक असतं, इंजिन मधेच बंद पडलं तर काय करायचं याचं. लक्षण, संभाव्य कारण, करायची कृती, असे त्यात तीन रकाने. बाबांनी त्या नव्या वहीत कॉम्प्युटरसाठी तसेच रकाने आखले. लिहायचं काम माझं. आम्ही रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने घासले. बंद पडला. शेजारच्यांचा स्टॅबिलायझर आणून लावला. बंद पडला. कूलर सुरू होताना दिवे मंदावतात म्हणून कूलर बंद ठेवून घामाने निथळत बसलो. बंद पडला. विंडोज पुसून नव्याने घातली, वीज देणारा डबा बदलून बघितला. बोगदा, ठिपका, काळोख.

मला घाई होती. मी एकदा रॅमही घासली, केबलही बदलली आणि खेळातलं चित्रही बारीक केलं, तिन्ही एका दुपारी. बाबा रागावले. तो उन्हाळाभरातला एकच राग.

“एका वेळी एक बदल, वसू. तीन केलेस आणि चालला, तर तो कशामुळे चालला हे तुला कधी कळणार नाही.”

“चालला तर झालं ना, बाबा. कारण कशाला हवंय?”

“ज्याला कारण नको, त्याची गाडी पुन्हा तिथेच बंद पडते.”

“सगळं एकदम बदलल्याशिवाय काही गोष्टी बदलत नाहीत,” मी म्हणाले. मी त्या वयात असं बोलायची.

“ते सभेत,” बाबा म्हणाले. “इथे आधी पट्टी परत लाव.”

प्रत्येक बदलानंतर ते कॉम्प्युटर पुन्हा त्याच्या जागी ठेवायला लावायचे, टेबलाखाली, आत सरकवून. जागेवर नसलेल्या इंजिनाची चाचणी खरी नसते. मग हाताची मागची बाजू त्याच्या कुशीला टेकवायचे. “गरम आहे.” मग तीच बाजू टेबलाला टेकवायचे. “पण हेही गरम आहे.” भिंतीला, खुर्चीला, माझ्या कपाळाला. झाशीत मे महिन्यात गरम असणं हे लक्षण धरता येत नाही. मी ती नोंद खोडून टाकली.

तीनदा मशीन ऑटोत घालून लखनभैयांकडे नेलं. तिन्ही वेळा त्यांच्या काउंटरवर ते तासभर चाललं. लखनभैया स्वतः खेळायला बसले, बोगद्यातून बाहेर पडले, दरी ओलांडली, आणि म्हणाले, “काए बिन्नू, बढ़िया तो चल रई. पापा खों चलावो नईं आउत का?”

माझ्या बापाला गाडी चालवता येत नाही का, असं विचारत होते.

दुःखाला पत्ता मिळाला. मानिक चौक, बोहरी आळीशेजारी, डाव्या हाताला तिसरं दुकान.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी भर दुपारी मी पत्रक लिहिलं. मथळा होता, ‘ग्राहक भाइयो और बहनो, सावधान’. दुकानात चालणारं मशीन घरी बंद पडतं, याचा अर्थ दुकानदार पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर जगतो, असा माझा मुद्दा होता. एका डोळे जाणाऱ्या माणसाचे उरलेले दिवस तो खातो आहे, असंही एक वाक्य होतं. वीस प्रती हाताने काढल्या. बाबांना दाखवल्या नाहीत. पण त्यांनीच शिकवलेला एक नियम पाळला. ज्याच्याविरुद्ध लिहिलं, पहिली प्रत त्याच्या हातात द्यायची.

जाताना चुकून पहिली प्रत त्यांच्या दुकानाशेजारच्या भांडीवाल्यांच्या हातात गेली. दुसरी लखनभैयांना दिली.

त्यांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि ओळीवर पेचकस ठेवून सावकाश वाचलं. “‘विरुद्ध’ में द-ध ठीक करो,” ते म्हणाले. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग कागद खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचा विनोद गेला होता.

“पापा की आँख ऐसी है, ये तो तुमने बताया नहीं.”

“बताने से मशीन चलती क्या?”

“मशीन रखी कहाँ है घर में?”

“जहाँ आपने कहा था,” मी ताठ मानेने म्हणाले. “आपने ऑटो के पीछे से कहा था. पीछे खाली रखना.”

आणि ते वाक्य हिंदीत माझ्या तोंडून बाहेर पडताना मी ते पहिल्यांदा ऐकलं.

मागची बाजू मोकळी ठेवा. रिकामी ठेवा. हवा जाऊ द्या. त्यांनी एवढंच सांगितलं होतं. ऑटोच्या खडखडाटात ते माझ्या कानात शिरलं आणि घरी पोचेपर्यंत त्याची मराठी झाली होती. मागे, खाली ठेवा. म्हणून आम्ही तो टेबलाच्या खाली ठेवला, मागे भिंतीला चिकटेपर्यंत सरकवला, आणि आईने धूळ बसू नये म्हणून वरून जुन्या साडीचं कव्हर शिवून घातलं. दोन महिने. प्रत्येक चाचणीनंतर पुन्हा तिथेच, मागे, खाली. आपल्याच श्वासात गुदमरत तो बिचारा बोगद्यापर्यंत यायचा, आणि इतकं सगळं बर्फ एकदम रंगवायची पाळी आली की मान टाकायचा.

लखनभैया माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं की मला काहीतरी कळलंय. काय, ते त्यांना मी सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. “हमाए इतै तो खाली माने खाली,” एवढंच म्हणाले. मग ड्रॉवरमधून एक लहान नळी काढून दिली. “पंखे के नीचे का लेप सूख गया होगा. मटर के दाने जितना लगाना.”

मी पत्रकं गोळा केली. भांडीवाल्यांकडे जाऊन म्हणाले, “वो वापस कर दीजिए.”

“हम तो पढ़ चुके, बिटिया,” ते म्हणाले. “अब क्या वापस करें?”

तो प्रश्न माझ्याजवळ अजून आहे. लिहिलेलं, वाटलेलं, वाचलेलं परत कसं घेतात? मी त्यानंतरही पुष्कळ लिहिलं, पुष्कळ जणांना नावं ठेवली, बरीचशी योग्यच ठेवली. पण लिहिताना एकदा तरी ते भांड्यांचं दुकान डोळ्यांसमोर येतं.

घरी आले तेव्हा बाबा वही मांडीवर घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं. पत्रकाचंही. आई दारात उभी राहून ऐकत होती. “माझ्या माहेरी खाली म्हणजे दोन्ही,” ती म्हणाली. “मला विचारलं असतंत तर मी विचारलं असतं, कुठलं खाली.”

बाबांनी वहीचं पहिलं पान काढायला लावलं. तिथे माझ्या अक्षरात होतं, ‘मागे, खाली ठेवणे.’ त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, बराच वेळ शोधत राहिले, आणि मधल्या त्या टिंबाच्या शेपटीवर बोट ठेवलं.

“लिही,” ते म्हणाले. “लक्षण, खेळताना बंद पडणे. कारण, स्वल्पविराम.”

मी लिहिलं. मला रडू येत होतं आणि ते हसत होते. पण मला माहीत होतं की चैत्रात त्यांना पडद्याच्या खालच्या कडेला असलेला वेगाचा काटा दिसत होता. आता दिसत नव्हता. त्यांनी तक्रार केली नव्हती. फक्त गेले काही दिवस ते मधेच विचारायचे, “खाली किती?” आणि मी आकडा सांगायची. माझ्या एका स्वल्पविरामाने त्यांचा तो काटा नेला, असं मला वाटलं. डॉक्टर म्हणतील, तो जाणारच होता. पण जाण्याआधीचे दोन महिने कुणी नेले?

ऑपरेशनला चार दिवस होते.

एका वेळी एक बदल. आधी फक्त जागा. आम्ही कॉम्प्युटर टेबलावर चढवला, साडीचं कव्हर काढलं, टेबल भिंतीपासून दीड वीत पुढे ओढलं. बाबांनी ते अंतर स्वतः विती मांडून मोजलं, कारण बघून कळत नव्हतं. त्या दुपारी तो बोगद्यातून बाहेर आला आणि दरीच्या मध्यावर बंद पडला. दुसऱ्या दिवशी दुसरा बदल, पंख्याखाली मटाराएवढा लेप. बाबांनी हाताची मागची बाजू यंत्रामागच्या मोकळ्या जागेत धरली. गरम वारा तिथून बाहेर पडत होता. “लू आहे ही त्याची,” ते म्हणाले. “निघू दे.”

आणि गाडी सुटली.

“हरा.” “हरा.” “पीला.” “पीला.” “खाली किती?” “पंचावन्न.” बाहेर खरी लू दार वाजवत होती. बोगदा आला. आवाज चढला. मी मोजायला लागले. ठिपका मोठा झाला, मोठा झाला, आणि सगळी दरी पांढरीशुभ्र समोर उघडली. उघडीच राहिली.

बाबा काही बोलले नाहीत. पुढे, उजवीकडे, बर्फात एक सिग्नल होता. मला स्वच्छ दिसत होता. मी क्रम पाळत थांबले. आधी ड्रायव्हर, मग असिस्टंट. ते पांढऱ्याकडे बघत होते, डोळे बारीक करून, आणि त्या पांढऱ्यात त्यांना काहीही सापडत नव्हतं. सिग्नल जवळ येत होता. नियम असा की ड्रायव्हर बोलला नाही तर असिस्टंटने बोलायचं. आणि मला ठाऊक होतं की बबिन्याच्या अलीकडे हेच झालं होतं.

“पीला,” मी म्हणाले.

बाबांचा हात हँडलवर, म्हणजे कीबोर्डवर, थबकला. मला वाटलं ते आता उतरणार. खुर्ची मागे सरकवणार आणि अर्ज लिहिणार.

“मागे डब्यात कोणी आहे का?” त्यांनी विचारलं.

मी मागचं दाखवणारी कळ दाबून पडद्यावरच्या डब्यांकडे बघितलं. खेळ करणाऱ्यांनी खिडक्या रंगवल्या होत्या, माणसं रंगवली नव्हती.

“नाही, बाबा. मागे खाली आहे.”

“मग चल,” ते म्हणाले, आणि वेग कमी केला. “पीला.”

तिथून पुढे मी बोलायची आणि ते म्हणायचे. उलटा क्रम, नियमाबाहेरचा. पूल गेला. गाव गेलं. स्टेशनाबाहेरचा होम सिग्नल गेला. “खाली किती?” “तीस.” “खाली?” “बारा.” आई पन्ह्याचे पेले घेऊन आत आली आणि दारातच थांबली, कारण फलाट येत होता. “खाली?” “चार.” ब्रेक इतक्या हळू लागला की पेल्यातलंही हललं नसतं. “खाली?”

“शून्य.”

मग आई म्हणाली, “आलं का स्टेशन? उतरू का?”

“उतरा,” बाबा म्हणाले, आणि पन्ह्यासाठी हात पुढे केला. पेला थोडा चुकला. आईने तो त्यांच्या हाताखाली आणला.

ऑपरेशननंतर डाव्या डोळ्यातलं गेलं. उजव्यात उजेड-अंधार राहिला, आणि दारात उभ्या माणसाची सावली. खेळ पुन्हा लावला नाही. लावायचं कारणही नव्हतं, गाडी पोचली होती. मी शिकायला पुण्याला आले. कॉम्प्युटर पुढे कधीतरी भंगारात गेला. लखनभैयांनी माझं पत्रक ठेवून घेतलं होतं, ‘विरुद्ध’ दुरुस्त करून. एकदा त्यांच्या पेचकसांच्या ड्रॉवरमध्ये अंथरलेलं मी बघितलं. पत्रकांचा शेवट बहुधा असाच होतो, आणि तो वाईट नाही.

मी अजून भांडते. त्या उन्हाळ्याने माझा राग कमी केला नाही, फक्त दार वाजवण्याआधी पत्ता दोनदा वाचायला शिकवलं. पण मे लागला की मला न्याय नको असतो. मला ती खोली हवी असते, खसाचा वास, बनियनमधले बाबा, आणि कुणीतरी मोठ्याने “हरा” म्हणून माझ्यासाठी थांबलेलं.

या नौतप्यात झाशीला गेले तेव्हा आई म्हणाली, खोली लहान पडते, ते टेबल तरी भिंतीला लाव. मी टेबलाला हात घातला. पाय घासल्याचा आवाज झाला आणि पलंगावरून बाबा उठून बसले. चाचपडत आले. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये हात घातला, एक वीत, मग अर्धी. त्या जागेत आता वायर नाही, पंखा नाही, काहीही नाही. त्यांनी हाताची मागची बाजू तिथे थोडा वेळ धरून ठेवली.

“खाली राहू दे,” ते म्हणाले.

कुठल्या भाषेत, ते मी विचारलं नाही.